दांडी नसलेली घसरगाडी

धीरजचा मित्र पुष्कर बोलायला लागला की जयंती सिंकमध्ये भांडी मुद्दाम आपटायची. पुष्करला ते कळत नसे. धीरजला कळे, पण तो न कळल्यासारखं करी, आणि मग जयंतीला पुष्करपेक्षा नवऱ्याचाच जास्त राग येई.

त्या डिसेंबरातल्या रविवारी पुष्कर त्यांच्या टोकियोतल्या एदोगावा भागातल्या सातव्या मजल्यावरच्या घरी लॅपटॉप उघडून बसला होता. गेल्या हिवाळ्यात तो ऑफिसच्या सहलीबरोबर नागानोतल्या एका गोठलेल्या तळ्यावर वाकासागी पकडायला गेला होता. वाकासागी म्हणजे बोटाएवढी चंदेरी मासळी. तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडायचं, वर तंबू ठोकायचा, आत शेगडी पेटवायची आणि भोकातून गळ सोडून बसायचं. दुसऱ्याने ठोकलेल्या तंबूत, दुसऱ्याने पाडलेल्या भोकात, गाइडने हातात दिलेल्या गळाने पुष्करने अकरा मासे पकडले होते. तेवढ्या भांडवलावर तो तज्ज्ञ झाला होता.

"या वेळी टूर-बिर काही नाही," तो म्हणाला. "आपला तंबू, आपलं गिरमिट, आपलं भोक. आणि सामान न्यायला आपली स्वतःची सोरी."

सोरी म्हणजे घसरगाडी. तंबू, बर्फ पोखरायचं हातभर लांब गिरमिट, शेगडी, खुर्च्या, पाणी, डबे असं सगळं मिळून पन्नास किलो भरत होतं, आणि पार्किंगपासून तळं अर्धा किलोमीटर लांब होतं. त्यामुळे सोरी लागणार होती हे खरं. पण एक सोरी निवडायला पुष्करने जे केलं ते बघून जयंतीला चहात साखर किती घातली याचा विसर पडला. त्याने एक्सेलची शीट केली होती. त्यात चौदा सोऱ्या होत्या आणि अकरा रकाने. एका रकान्याचं नाव 'एस्थेटिक्स' होतं.

"ही लाल प्लास्टिकची का नको?" धीरजने विचारलं. "होम सेंटरमध्ये असते ती. स्वस्त आहे."

"ती पोरांची रे. बागेत खेळायची," पुष्कर म्हणाला. "आपण इंजिनिअर ना? आपण बांधायची. ॲल्युमिनियमची फ्रेम, खाली स्टेनलेस स्टीलच्या दोन पट्ट्या. स्केट्ससारख्या. फ्रिक्शन मिनिमम."

हे वाक्य तो ज्या घरात बसून बोलत होता, त्या घरातली बाई कोतोतल्या एका संशोधन संस्थेत सात वर्षं एकाच प्रश्नावर काम करत होती: बर्फावर वस्तू का घसरते आणि कशाने थांबते. उणे दहा अंशांच्या खोलीत जाड कोट घालून तिने रबराचे, लोखंडाचे, प्लास्टिकचे शेकडो तुकडे बर्फावरून ओढले होते. पुष्करला हे माहीत होतं. धीरजला तर होतंच. गणपतीच्या कार्यक्रमात तो कौतुकाने सांगायचा, "आमच्या बायकोने बर्फात पीएचडी केली आहे," आणि लोक हसले की तोही हसायचा.

जयंतीने चहाचा ट्रे ठेवला. "अरुंद पट्टी भुसभुशीत बर्फात रुतेल. आणि कडक बर्फावर उतार असेल तर..."

"वहिनी, थिअरी वेगळी आणि फील्ड वेगळं," पुष्कर म्हणाला. लहान मुलीने कविता म्हणून दाखवल्यावर पाहुणे जसं हसतात तसा तो हसला.

"अगं, तो जाऊन आलाय ना," धीरज म्हणाला.

जाऊन आलाय! जयंतीने उरलेलं वाक्य गिळलं. आपण यांना आता यातलं एक अक्षर सांगणार नाही, असं तिने ट्रे उचलता उचलता ठरवलं, आणि ठरवल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. मूर्खांना समजावायची जबाबदारी अंगावरून गेली की माणूस नुसता बघायला मोकळा होतो.

मग तिने बघितलं. तीन रविवार ते दोघं बाल्कनीत खपत होते. इचिकावातल्या होम सेंटरमधून, म्हणजे हार्डवेअरच्या मोठ्या दुकानातून, पाइप कापून आणले ते चार सेंटिमीटर आखूड निघाले. पुष्करने एक्सेलमध्ये मापं उलटी भरली होती. दुसऱ्यांदा आणले. ड्रिलच्या आवाजाने खालच्या मजल्यावरच्या आजींनी दारावर सुबक अक्षरात चिठ्ठी लावली. ती चिठ्ठी पुष्करने फ्रेम करण्यासारखी आहे म्हणून फोटो काढून ग्रुपवर टाकली. ग्रुपचं नाव 'वाकासागी वॉरियर्स' होतं आणि त्यात तीनच माणसं होती: पुष्कर, धीरज आणि पुष्करची बायको यामिनी. यामिनीने पहिल्याच दिवशी ग्रुप म्यूट केला होता. तेवढ्यासाठी जयंतीच्या मनात तिच्याबद्दल आदर होता.

सोरीला शेवटी काळा रंग दिला आणि बाजूला इंग्रजीत 'वॉरियर वन' लिहिलेला स्टिकर लावला. स्टिकर वाकडा बसला. तो सरळ करण्यात अर्धा तास गेला. ओढायला गिर्यारोहणाचा लाल दोर आणला होता, दोन मीटरचा, दोन्ही टोकांना चकचकीत कड्या असलेला.

तिसऱ्या रविवारी पुष्कर वॉशर आणायला खाली गेला तेव्हा धीरज एकटाच बाल्कनीत उकिडवा बसला होता. अंगठ्याला पट्टी, केसात ॲल्युमिनियमचा भुगा. जयंती वाळलेले कपडे काढायला आली. तो वर बघून म्हणाला, "जयंती, जरा बघतेस? काही राहिलंय का यात?"

जयंतीने एकदाच बघितलं, आणि तेवढं पुरेसं होतं. सपाटीवर ही चालली असती. चढावर दमवून चालली असती. पण उतारावर दोर कशाच्या कामाचा? दोराने ओढता येतं, अडवता येत नाही. कडक बर्फावर स्टीलच्या पट्ट्या लावलेली पन्नास किलोंची गाडी पुढच्या माणसाच्या अंगावर येणार. बैलगाडीला दांडी असते म्हणूनच उतारावर गाडी बैलावर चढत नाही. तिच्या आजोळी, तासगावजवळच्या गावात, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक होतं. इथे दोन बी.ई. होते आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

"मस्त आहे," ती म्हणाली.

"खरंच?"

"एकदम."

धीरजचा चेहरा उजळला. शाबासकी मिळाल्यासारखा तो पुन्हा नट आवळायला लागला. जयंती कपडे घेऊन आत गेली. कपड्यांच्या घड्या घालताना तिला हसू येत होतं. ही गाडी टाचांवर आदळून दोघं एकामागून एक बर्फात बसकण मारतील, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे होतं. वस्तूचं वजन, वेग आणि उताराचा कोन यांवरून धक्का किती बसेल ते काढणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं. या एका वेळी तिने ते काढलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी ते भाड्याच्या गाडीने निघाले. यामिनीने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. जयंतीला न येण्यासाठी दहा कारणं होती, तरी ती आली. ते चित्र तिला प्रत्यक्ष बघायचं होतं.

तळ्याच्या वरच्या अंगाला पार्किंगशेजारी एक लाकडी टपरी होती. तिथे मासेमारीचे पास आणि गळाला लावायच्या अळ्या मिळत. टपरी चालवणाऱ्या मोरिता-सान सत्तरीच्या पुढच्या होत्या. गालांवर थंडीचे लाल चट्टे, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. पुष्करने डिकीतून सोरी काढून ऐटीत खाली ठेवली तेव्हा त्या बाहेर आल्या. त्यांनी काळ्या फ्रेमकडे बघितलं, कड्यांकडे बघितलं, लाल दोर नजरेने या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला.

"रिप्पा देसु ने," त्या म्हणाल्या. भारदस्त आहे हो.

"आरिगातो गोझाइमास!" पुष्कर खुलला आणि मराठीत म्हणाला, "बघ, लोकलना कळतं."

जयंतीने मोरिता-सानांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते. कोणी पोरकटपणा केला की इथली माणसं अशी स्तुती करतात आणि बाजूला होतात. त्यांची नजर जयंतीशी भेटली. दोघींना एकमेकींचं कळलं, असं जयंतीला वाटलं, आणि तिला ते आवडलंसुद्धा.

मोरिता-सान मग गंभीर झाल्या. रात्री थोडं वितळून पहाटे पुन्हा गोठलंय, उतारावर सावकाश जा, त्या म्हणाल्या. पुष्करने जपानीत "हाय, हाय", म्हणजे हो हो, करत मान डोलावली. त्यातलं अर्धं त्याला समजलं नव्हतं. जयंतीला पूर्ण समजलं होतं.

पार्किंगपासून तळ्यापर्यंतची वाट आधी सपाट होती. तिथे पट्ट्या रुतल्या. दोघं घामाघूम होऊन ओढत होते, पुष्कर "मोमेंटम, मोमेंटम" ओरडत होता. जयंती खिशात हात घालून मागून चालत होती. मग वाट वळली आणि खाली तळं दिसलं, पांढरंशुभ्र, त्यावर लाल-पिवळ्या तंबूंचे ठिपके. वळणापासून काठापर्यंत दीडशे मीटर उतार होता आणि तो काचेसारखा चमकत होता.

पुढे दोर धरून धीरज. सोरीच्या मागच्या पाइपला बांधलेला दुसरा दोर पुष्करने हाताला गुंडाळून घेतला होता, ब्रेक म्हणून. एवढी अक्कल तरी होती. पण दहा पावलं गेल्यावर तो म्हणाला, "थांब थांब, हा शॉट पाहिजे," आणि फोन काढायला त्याने हाताचा दोर सोडला.

जयंतीने ते बघितलं. ती चार पावलं मागे होती. ओरडायला वेळ होता. ती ओरडली नाही, कारण तिच्या मनात तेच चित्र होतं: टाचांवर धक्का, बसकण, हशा.

सोरी आधी हळू निघाली. धीरजला दोर सैल पडल्यासारखा वाटला असणार, कारण त्याने मागे वळून बघितलं. तोवर पट्ट्यांचा कर्रर्र असा बारीक आवाज सुरू झाला होता. तो बाजूला व्हायला गेला तर दोर पायात आला. समोरचा ॲल्युमिनियमचा आडवा पाइप त्याच्या उजव्या नडगीवर बसला. झालेला आवाज जयंतीने प्रयोगशाळेत कधी ऐकला नव्हता. मग धीरज, सोरी, गिरमिट आणि खुर्च्या असं सगळं मिळून वीस मीटर घसरत गेलं आणि बाजूच्या बर्फाच्या ढिगात थांबलं.

ती धावली, पडली, बसल्या बसल्याच घसरत त्याच्याजवळ पोचली. धीरजचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो ओरडत नव्हता. "पाय," एवढंच म्हणाला. "पाय, जयंती."

पुष्कर वरच उभा होता, फोन अजून हातात. "कंडिशन्सच अशा आहेत," तो म्हणत होता. "आइस कंडिशन्स!"

"ॲम्ब्युलन्सला फोन कर," जयंती किंचाळली. "एकशे एकोणीस! नाहीतर त्या बाईंना बोलाव! पळ!"

तो पळाला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मोरिता-सान आल्या त्या फोनवर बोलतच, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी एक वस्तू ओढत आणली. गवंडी सिमेंट कालवायला वापरतात ती प्लास्टिकची मोठी पाटी. खरचटून पांढरी पडलेली. तिच्या दोन्ही बाजूंना बांबू पक्के बांधलेले, टांग्याला असतात तसे. मोरिता-सान बांबूंच्या मध्ये उभ्या राहून उतरल्या. पाटी त्यांच्या मागे मुकाट्याने येत होती, टाचांपासून हातभर अंतर ठेवून.

ॲम्ब्युलन्स खालपर्यंत येणार नव्हती. धीरजला पाटीत घातलं, पाय गिरमिटाच्या दांड्याला मफलरने बांधून. जयंती बांबूंच्या मध्ये शिरली. मोरिता-सान एका बाजूला, पुष्कर मागे ढकलायला. प्रत्येक हिसक्याला धीरज दात आवळायचा. वर पोचल्यावर मोरिता-सान धापा टाकत काळ्या सोरीच्या दिशेने हात करून म्हणाल्या, "मी सांगायला हवं होतं. दोर बघितला तेव्हाच सांगायला हवं होतं." त्यांनी जयंतीपुढे खाली वाकून माफी मागितली. एवढ्या म्हाताऱ्या बाईने वाकावं आणि आपण ते घ्यावं, हे जयंतीला सोसेना. तिने त्यांना धरून सरळ केलं.

नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. गावातल्या हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी स्क्रू घातले. दुसऱ्या दिवशी दुपारी धीरजची गुंगी उतरली. पुष्कर खाली कोंबिनी नावाच्या चोवीस तास उघड्या दुकानातून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, आणायला गेला होता.

"असं कसं झालं गं?" धीरज छताकडे बघत म्हणाला. "आपण सगळं चेक केलं होतं. तूसुद्धा बघितलं होतंस."

खोटं बोलणं सोपं होतं. बर्फाचं कारण सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं. कोणी ठामपणे सांगितलं की तो ऐकायचाच, त्याची हीच गोष्ट तिला कायम कीव आणणारी वाटायची.

"दांडी नव्हती," ती म्हणाली. "नुसता दोर होता. उतारावर ती अंगावर येणार हे मला त्याच दिवशी दिसलं होतं."

धीरजने मान वळवली. "आणि तू मस्त आहे म्हणालीस."

"तुम्ही ऐकणार नव्हता. त्या दिवशी मी बोलायला गेले तर तो थिअरी म्हणाला, आणि तू म्हणालास, जाऊन आलाय."

"त्याने नाही विचारलं, म्हणून मी विचारलं." धीरजचा आवाज चढला नव्हता. "पुष्कर खाली गेला तेव्हा मुद्दाम विचारलं. मला शंका होती. त्याच्यासमोर विचारायची हिंमत नव्हती, हे मान्य. पण मी विचारलं होतं, जयंती."

इतके दिवस तिने या माणसाला बिनकण्याचा समजून त्याच्यावर मनातल्या मनात टोमणे रचले होते. पुष्करला तर ती माणसातच धरत नव्हती. आता त्या सगळ्या ओळीत शेवटी एक बाई उभी होती. तिला सगळं येत होतं, आणि तिने हसू दाबत नवऱ्याला उतारावर जाऊ दिलं होतं. तिच्याबद्दल काय वाटावं हे जयंतीला कोणी शिकवायची गरज नव्हती.

घरी आल्यावर धीरज तिच्याशी भांडला नाही. चहा मागायचा, औषध मागायचा, धन्यवाद म्हणायचा. पण विचारायचं त्याने बंद केलं. आधी तो दिवसातून दहा गोष्टी विचारायचा: हा शर्ट चालेल का, या मेलमध्ये 'प्लीज' जास्त झालं का, आज पाऊस आहे का. खिडकी समोर असायची तरी विचारायचा. जयंतीला त्याचा वीट यायचा. आता तो फोनवर बघायचा.

तीन आठवड्यांनी पुष्कर सोरी न्यायला आला. ती त्याने टपरीवरून परत आणून त्यांच्याच बाल्कनीत ठेवली होती. त्याला ती ऑनलाइन विकायची होती. जाहिरात तयार होती: 'हँडमेड, वन टाइम यूज्ड.'

जयंतीने ती वाचली आणि तिचं डोकं फिरलं. "ही अशी या घरातून जाणार नाही."

"वहिनी, मी डिस्क्लेमर टाकतो ना..."

"पुष्कर, तुम्हाला काडीची अक्कल नाही," ती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होती. "तुमच्या अकरा रकान्यांत 'ही गाडी थांबणार कशी' हा रकाना नव्हता. रंगाला होता. फोटोसाठी तुम्ही दोर सोडलात. आणि 'आइस कंडिशन्स' म्हणे! बर्फ निसरडा असतो, त्याला कंडिशन म्हणत नाहीत." पुष्करचे कान लाल झाले. तो जाईल असं तिला वाटलं. तो गेला नाही. "बसा खाली," ती म्हणाली, "आणि तो पाना द्या."

उरलेल्या आखूड पाइपांचे दोन जोड करून तिने दांड्या बनवल्या. स्टीलच्या पट्ट्या काढून फेकल्या आणि प्रयोगशाळेत उरलेले पॉलिथिलीनचे रुंद पत्रे खाली लावले. मागे एक दातेरी फळी बसवली, पायाने दाबली की बर्फात रुतणारी. पुष्कर पाइप धरून बसला होता. दीड तास ती प्रत्येक नटागणिक त्याला बोलत होती, आणि तो ऐकत होता. मध्ये त्याने दोन प्रश्न विचारले, आणि ते मूर्खासारखे नव्हते.

जाताना बूट घालत तो म्हणाला, "वहिनी, हे आधीच असं झापून सांगायचं होतं ना. मी ऐकलं असतं."

तो ऐकता की नाही, देव जाणे. जयंतीला त्याचा अजूनही तिटकारा होता आणि पुढेही राहणार होता. पण या बाबतीत त्या माणसाचं बरोबर होतं, आणि त्याचं बरोबर असणं हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

मार्चमध्ये प्लास्टर निघालं. हॉस्पिटलने दिलेल्या कुबड्या घेऊन धीरज हॉलमध्ये चालायचा सराव करत होता. जयंती टेबलावर तिचा पेपर तपासत होती. तो दोनदा येरझाऱ्या घालून थांबला, एका कुबडीकडे बघत राहिला, पुन्हा चालला, पुन्हा थांबला.

"ही डावी जरा उंच वाटते का?" तो म्हणाला. तिच्याकडे न बघताच.

जयंती पेन ठेवून उठली. त्याच्याजवळ गेली, वाकून दोन्ही कुबड्यांची उंची कमीजास्त करायची भोकं मोजली.

"हो," ती म्हणाली. "एक भोक उंच आहे. आणि तू खांद्यावर भार टाकतोयस, तो हातावर टाकायला हवा. काख सोलून निघेल."

"आणि?"

"आणि खालचं रबर झिजलंय. ओल्या फरशीवर घसरशील. बस, मी बदलते."

धीरज बसला.